स्वतःच्या लिलावाची सूची

दिवाळं वाजल्यावर माणसं काय काय करतात, हे आपण ऐकून असतो. कोणी रातोरात गाव सोडतं, कोणी मालमत्ता बायकोच्या नावावर करून तीर्थयात्रेला निघतं, तर कोणाची तब्येत नेमकी कोर्टाच्या तारखेलाच बिघडते. लिव्हरपूलच्या विल्यम रॉस्को यांना यातलं काहीच सुचलं नाही. १८१६ साली त्यांची पेढी बुडाली. घरातली पुस्तकं, छापचित्रं, रेखाटनं आणि जुनी चित्रं लिलावात काढायचं ठरलं. तेव्हा हे गृहस्थ टेबलाशी बसले आणि त्या लिलावाची सूची स्वतःच लिहू लागले. कोणतं पुस्तक कोणत्या छापखान्यातलं, कोणतं चित्र कोणत्या घराण्याचं, कोणाच्या आधी कोण आणि कोणाच्या नंतर कोण, अशी सगळी संगती लावून. पेढीचे हिशेब त्यांनी इतक्या मनापासून लिहिले असते, तर कदाचित ही वेळच आली नसती, असं एखादा धनको नक्की म्हणाला असेल.

लिलावाच्या सूचीचा उद्देश साधा असतो. गिऱ्हाइकाला भुरळ पडावी आणि बोली चढत जावी. तुळशीबागेतल्या कोणत्याही दुकानदाराला हे शिकवावं लागत नाही. रॉस्को यांनी मात्र प्रास्ताविकात खरेदीदाराला सांगितलं ते असं, की ही चित्रं केवळ देखणी म्हणून जमवलेली नाहीत. कलेचा उदय कसा झाला आणि ती पायरीपायरीने कशी वाढली, हे अस्सल नमुन्यांवरून दाखवता यावं म्हणून ती गोळा केली आहेत. कोचाच्या रंगाशी चौकट जुळते का हे पाहायला आलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल! सौंदर्याचं विचारायला जावं, तर मालक इतिहासाचा तास सुरू करतो. आणि बिचाऱ्याचं दुःख असं, की ज्या क्रमाने चित्रं मांडल्यामुळे तो इतिहास दिसत होता, तो क्रम लिलावाचा हातोडा पडू लागताच मोडणार होता. पहिला खरेदीदार पहिलं प्रकरण घरी नेणार, दुसरा चौथं, आणि मधली पानं कुणाच्या बैठकीत जातील कोण जाणे.

हे रॉस्को म्हणजे जन्मजात श्रीमंत नव्हेत. १७५३ साली लिव्हरपूलच्या माउंट प्लेझंट भागात त्यांचा जन्म झाला. वडील भाजीपाला पिकवायचे आणि जोडीला एक खानावळवजा दारूचा गुत्ता चालवायचे, ज्याच्या अंगणातल्या हिरवळीवर लोक लाकडी गोळे घरंगळवण्याचा खेळ खेळत. बाराव्या वर्षी पोराची शाळा सुटली. मग बापाच्या मळ्यात खणायचं, बटाट्यांची पाटी डोक्यावर घ्यायची आणि बाजार गाठायचा. त्या वयात जी पुस्तकं हाताला लागली ती वाचायची. पुढे वकिलाकडे उमेदवारी केली, वकील झाले. कामाला जाण्याआधी पहाटे दोन-तीन मित्र एकत्र जमून जुन्या भाषा शिकायचे. पहाटे उठून लॅटिन शिकणारी माणसं पुढे आयुष्यात काहीतरी घोटाळा करतात, असा माझा एक कच्चा सिद्धांत आहे. रॉस्को त्याच्या बाजूने साक्ष देतात.

त्यांचा पहिला मोठा घोटाळा म्हणजे इटली. लिव्हरपूलच्या धक्क्यावर तंबाखू, साखर आणि कापूस उतरत असताना हा वकील फ्लॉरेन्सच्या प्रेमात पडला. १७९६ साली त्यांनी तिथला सत्ताधीश लॉरेन्झो द मेदिची याचं मोठं चरित्र प्रसिद्ध केलं. ते इतकं गाजलं, की युरोपातल्या इतर भाषांत त्याचे अनुवाद झाले. १८०५ साली लॉरेन्झोच्या मुलाचं, म्हणजे पोप दहावा लिओ याचं चरित्र आलं. आणि या सगळ्यात एकदाही, अगदी आयुष्याच्या शेवटापर्यंत, रॉस्को इटलीला गेले नाहीत. विल्यम क्लार्क नावाचा त्यांचा मित्र हवापालटासाठी फ्लॉरेन्सला गेला होता. त्याला यांनी तिथल्या ग्रंथालयांत बसवलं आणि कागदपत्रांच्या नकला करून घेतल्या. हवापालटाला गेलेल्या माणसाकडून हस्तलिखितं उतरवून घेणारा मित्र प्रत्येकाला मिळत नाही, हे एक बरं.

न पाहिलेल्या गावावर इतकं प्रेम करणं आपल्याला परकं नाही. पानिपतच्या रणांगणावर भाऊसाहेबांनी नेमकं काय करायला हवं होतं, हे पुण्यातल्या पुष्कळ कट्ट्यांवर रोज सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्यांतले निम्मे कल्याणच्या पलीकडे गेलेले नसतात. पण रॉस्को यांची पंचाईत निराळी होती. त्यांना पुरावा लागायचा. ज्या शतकांवर लिहितो, त्या शतकांतल्या माणसांच्या हातची वस्तू समोर असावी, असं त्यांना वाटे. स्वतः फ्लॉरेन्सला जाणं जमेना, म्हणून फ्लॉरेन्सच थोडंथोडं घरी यायला लागलं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण ती सोडून पुढे गेलं तर माणूस फारच गोड दिसायला लागेल. लिव्हरपूल त्या काळी इंग्लंडमधल्या गुलामांच्या व्यापाराचं सगळ्यात मोठं बंदर होतं. ज्या शहरात नगरपालिकेपासून नाटकगृहापर्यंत सगळीकडे त्या व्यापाराचा पैसा खेळत होता, त्या शहरात राहून रॉस्को यांनी १७८७ साली गुलामगिरीविरुद्ध दीर्घ कविता छापली. १८०६ च्या निवडणुकीत हेच लिव्हरपूलकर त्यांना पार्लमेंटात धाडून बसले, आणि १८०७ साली तिथे त्यांनी त्या व्यापाराच्या बंदीच्या बाजूने मत दिलं. गावी परतल्यावर कॅसल स्ट्रीटवर जमावाने त्यांचं स्वागत केलं ते दंडुक्यांनी. त्यानंतर पार्लमेंटात ते पुन्हा गेले नाहीत. कविता म्हणून त्यांची ती रचना आज कोणी वाचत नाही. त्यांचं आज थोडंफार नाव ज्या पद्यामुळे आहे, ते फुलपाखराच्या नाचाचं आणि टोळाच्या पंगतीचं एक बालगीत. आपल्या लहान मुलासाठी सहज लिहिलेलं. दोन हजार पानांची मेदिची चरित्रं एकीकडे आणि टोळाच्या पंगतीचं गाणं दुसरीकडे, असा लोकांनी निकाल दिला. लेखकाने लोकांच्या निकालावर अपील करू नये.

तर चित्रांबद्दल. त्या काळच्या इंग्रज अमीर-उमरावांची चित्रांची आवड ठरून गेलेली होती. राफाएल मिळाला तर उत्तम, तो परवडत नसेल तर त्याच्या नंतरचे बोलोन्याचे चित्रकार, त्यांच्यासोबत क्लोदची धुक्यातली सोनेरी निसर्गदृश्यं. राफाएलच्या आधी जे होतं ते अडाणी, ताठर, बालबोध. सोन्याच्या वर्खावर डोळे वटारून बसलेले संत. अशी चित्रं दिवाणखान्यात लावणं म्हणजे घरात कोणीतरी वारलंय, असं पाहुण्यांना वाटायला लावणं. रॉस्को यांनी नेमकी हीच उचलली. एक तर ती स्वस्त होती, आणि दुसरं म्हणजे त्यांना आरंभच हवा होता. मायकलॲंजेलो जिथे पोहोचला तिथे तो एका उडीत पोहोचला नाही, हे त्यांना दाखवायचं होतं; आणि शिडी दाखवायची तर खालच्या पायऱ्या हव्यातच. नेपोलियनच्या लढायांनी इटलीतले मठ आणि चर्चं रिकामी झालेली, तिथला माल व्यापाऱ्यांच्या हातून लंडनला येत होता. १७९९ साली घेतलेल्या ॲलर्टन हॉल या लिव्हरपूलजवळच्या वाड्यात हळूहळू ही लाकडी पाट्यांवरची जुनी मंडळी राहायला आली. सगळ्यांची नावं-गावं रॉस्को यांनी बरोबर ओळखली असं नाही. संग्राहक आणि वधुपिता यांना समोरच्यात गुण जरा जास्तच दिसतात. आज त्यांतल्या कित्येक चित्रांखाली वेगळ्या चित्रकाराचं नाव लागलंय. पण पाट्या त्याच आहेत.

आणि पेढी? ती त्यांच्या गळ्यात मैत्रीपोटी पडली. फ्लॉरेन्सला नकला करणाऱ्या क्लार्कच्या घराण्याची लिव्हरपूलमध्ये पेढी होती आणि १७९९ च्या सुमारास ती अडचणीत आली. वकिली सोडून निवांत वाचत बसायच्या बेतात असलेल्या रॉस्को यांना तिचे व्यवहार निस्तरायला बोलावलं, आणि निस्तरता निस्तरता ते भागीदार होऊन बसले. मित्राने हस्तलिखितं उतरवून दिली, त्याची फेड अशी झाली. इटालियन व्याकरण येणाऱ्या माणसाच्या हाती लोकांच्या ठेवी द्याव्यात का, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नसावा. सोळा-सतरा वर्षं ती चालली, हेच खरं तर आश्चर्य. त्यात त्यांना दलदलींचाही शौक होता. मँचेस्टरच्या पश्चिमेला चॅट मॉस म्हणून एक अफाट दलदल आहे. ती सुकवून तिथे शेती करायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं आणि त्या चिखलात वर्षानुवर्षं पैसा ओतला होता. चिखलाने तो मुकाट्याने गिळला. (पुढे जॉर्ज स्टीफनसनने त्याच दलदलीवरून, झुडपांच्या जुड्या अंथरून, लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे नेली. रॉस्को यांचे पौंड जिथे बुडाले तिथे आगगाडी तरंगली.)

नेपोलियनचा वॉटर्लूला पराभव झाला तेव्हा इंग्लंडमध्ये घंटा वाजल्या, आणि पाठोपाठ धंदे बसले. लढाई होती तोवर सरकार खरेदीदार होतं. ती संपल्यावर भाव उतरले आणि गावोगावच्या पेढ्यांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. जानेवारी १८१६ मध्ये रॉस्को यांच्या पेढीने पैसे देणं थांबवलं. पेढीची मालमत्ता कर्जापेक्षा जास्त आहे, फक्त ती जमिनीत, खाणीत अडकलीय, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक बुडालेल्या पेढीवाल्याचं हेच म्हणणं असतं. यांचं बहुधा खरंही असेल. धनकोंनी मुदत दिली. पण मुदत घेणाऱ्याने भिंतीवर चित्रं ठेवून जेवायला बसू नये, हे रॉस्को यांना कोणी सांगावं लागलं नाही.

ऑगस्ट आणि सप्टेंबर १८१६ मध्ये लिव्हरपूललाच लिलाव झाला. पुकारणारा विन्स्टॅन्ली म्हणून गावातलाच होता. आधी पुस्तकं, मग छापचित्रं, मग रेखाटनं आणि चित्रं. दिवसामागून दिवस बोली चालली. पुस्तकांचे पाच हजार पौंडांहून जास्त आले. लंडनचे ग्रंथविक्रेते खास आले होते. आणि ग्रंथविक्रेते दुःखाच्या घरी समाचाराला जात नाहीत. वॉशिंग्टन आयर्व्हिंग हा अमेरिकन लेखक त्या काळात घराण्याच्या व्यापारासाठी लिव्हरपूलमध्ये होता. त्याने पुढे १८१९ च्या आपल्या 'स्केच बुक'मध्ये रॉस्को यांच्यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. एवढ्या मोठ्या माणसाची ग्रंथसंपदा त्याच्याच गावकऱ्यांनी अशी पांगू द्यावी, याचं त्याला वाईट वाटलं होतं. त्याला ते लिहिण्याचा अधिकार होता, कारण मधल्या काळात, १८१८ साली, त्याच्या स्वतःच्या घराण्याची पेढीही लिव्हरपूलमध्येच बुडाली. त्या बंदराचं हे एक वैशिष्ट्यच म्हणायला हवं. अर्ध्या शतकाने, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली थांबलं आणि लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव घसरला, तेव्हा त्याच्या धक्क्याने इकडे मुंबईतल्या भल्याभल्या शेठजींच्या शेअरांची रद्दी झाली. कालपर्यंत समुद्र बुजवून जमीन करायला निघालेली माणसं धनकोंच्या भीतीने मागच्या दाराने बाहेर पडू लागली. दलदल इथेही होतीच, फक्त खारी होती.

पण मला या लिलावातलं जे खरं गमतीचं वाटतं, ते पुढेच आहे. चित्रांमधला मोठा सौदा झाला पोप दहावा लिओ याच्या चित्राचा. नॉर्फकमधल्या होल्कमचे बडे जमीनदार टॉमस कोक यांनी ते पाचशे पौंडांना घेतलं. चित्रात पोप, पोपचं चरित्र मालकाने लिहिलेलं, राफाएलचा वास आजूबाजूला दरवळणारा. त्यामुळे पैसे पडले. राफाएलने रंगवलेलं लिओचं जगप्रसिद्ध चित्र अर्थात हे नव्हे. ते फ्लॉरेन्सचं आहे आणि आजही तिथेच आहे. म्हणजे ज्या चित्रासाठी सभागृहात माना वळल्या, ते असं. आणि त्याच दालनात, त्याच सूचीत, ज्यांच्यासाठी कोणी मान वळवायला तयार नव्हतं अशा त्या सोनेरी पाट्यांमध्ये सिमोने मार्तिनी होता.

सिएनाचा हा सिमोने म्हणजे पेट्रार्क कवीचा मित्र. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने पोपच्या दरबारात, अव्हिन्यॉनला काढली, आणि तिथे १३४२ साली हे छोटं चित्र केलं. त्यावर सही आहे, साल आहे. म्हणजे संग्राहकाच्या सुखाची परिसीमा; कोणी वाद घालायला नको. उंची जेमतेम अर्धा मीटर. विषय बायबलमधला: बारा वर्षांचा येशू सणासाठी आईबापांबरोबर जेरुसलेमला जातो, परतीच्या वाटेवर तो बरोबर नाही असं लक्षात येतं, शोधाशोध होते आणि तीन दिवसांनी पोरगा मंदिरात पंडितांशी वाद घालताना सापडतो. बहुतेक चित्रकारांनी तो वाद रंगवलाय. कारण उघड आहे. दाढीवाले पंडित थक्क होऊन बघतायत आणि मधोमध तेजस्वी बालक, यात प्रभाव पडतो. सिमोनेने तो सगळा देखावा सोडून दिला आणि त्याच्या नंतरची पाच मिनिटं रंगवली. घरगुती पाच मिनिटं.

मरिया बसली आहे. तिच्या मांडीवर पुस्तक उघडं आहे आणि आईने मुलाला विचारलेला जाब त्यात लॅटिनमध्ये लिहिलेला आहे. तिचा एक हात पुढे आलेला. योसेफ मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुढे घेऊन आलाय, कपाळावर आठी, आईला काय वाटलं असेल बघ जरा, असं तो सांगतोय हे कळायला कुठलीही भाषा यावी लागत नाही. आणि मुलगा उभा आहे तो हाताची घडी घालून. छातीशी पुस्तक आवळलेलं, ओठ मिटलेले, नजर आईकडे, पण मान झुकलेली नाही. माझं काही चुकलेलं नाही, हे त्या घडी घातलेल्या हातांत पुरेपूर आहे. डोक्यामागे तेजोवलय आहे म्हणून तो देव. नाहीतर दहावीनंतर शास्त्र शाखा घ्यायची नाही असं आत्ताच जाहीर केलेला कुठलाही मुलगा. गंमत अशी, की या भांडणात बरोबर कोण, हे चित्रकाराने ठरवलेलं नाही. आईचा जीव तीन दिवस टांगणीला होता, हेही खरं. मुलगा आपल्या पित्याच्या घरीच होता, हेही त्या धर्माप्रमाणे खरं. मध्ये योसेफ. दोन बरोबर माणसांच्या मध्ये उभं राहण्याचं काम तो करतोय, आणि ते जगातलं सगळ्यात बिनपगारी काम आहे.

१८१६ साली लिव्हरपूलमध्ये हे पाहायला डोळे नव्हते असं नाही. पण पैसे मोजावेत इतके नव्हते. ही अशी चित्रं दूरच्या कोणा लॉर्डने उचलली नाहीत, त्याला ती नकोच होती, म्हणून ती रॉस्को यांच्या मित्रांना घेता आली. मित्र काही कुबेर नव्हते. चार-दोन जणांनी मिळून आपापल्या ऐपतीप्रमाणे घेतली, आणि १८१९ साली सदतीस चित्रं नव्या निघालेल्या लिव्हरपूल रॉयल इन्स्टिट्यूशनला देऊन टाकली. या संस्थेचं उद्घाटनाचं भाषण १८१७ साली रॉस्को यांनीच केलं होतं. नुकत्याच बुडालेल्या पेढीवाल्याला उद्घाटनाला बोलावणारं गाव तसं वाईट नसावं. तिथून पुढे ती चित्रं शहराच्या वॉकर आर्ट गॅलरीत आली. आज सिमोने तिथे आहे, एर्कोले दे रोबेर्तीची छोटीशी, काळीज कुरतडणारी 'पिएता' तिथे आहे. रॉस्को यांची पेढी चालली असती तर काय झालं असतं, याचा मी कधी कधी हिशेब करतो. ते सुखाने म्हातारे झाले असते, चित्रं मुलांच्या वाट्याला गेली असती, मुलं पुष्कळ होती, आणि प्रत्येक सुनेने आपल्या वाट्याला आलेला संत माळ्यावर टाकला असता. म्हणजे लिव्हरपूलच्या भिंतीवर हे चित्र टिकलं त्याला कारणं दोन: मालकाचं दिवाळं आणि मालाची नावड. यात दातृत्वाचा वाटाही आहे, पण तो तिसरा.

पुस्तकांच्या बाबतीत मित्रांनी जरा नाजूक डाव टाकला. सहाशे पौंडांच्या आसपास किमतीची निवडक पुस्तकं, म्हणजे ज्यांच्यावर रॉस्को यांचा जीव होता आणि ज्यांच्याविना त्यांचं लिहिणं अडलं असतं, ती त्यांनी लिलावात बोली लावून घेतली आणि त्यांच्यापुढे ठेवली. ही तुमचीच, ठेवा. रॉस्को यांनी नाही म्हटलं. लोकांचे पैसे द्यायचे राहिलेत, तोवर अशी भेट आपल्याला शोभत नाही. या नकारात थोडा ताठा होता असं मला वाटतं, आणि तो मला आवडतो. बुडालेल्या माणसाजवळ नाही म्हणण्याचा हक्क तेवढा उरतो. तो त्यांनी दोन हातांनी वापरला. मित्रांपुढे प्रश्न पडला, की आता या पुस्तकांचं करायचं काय? त्यांनी ती ॲथेनियमला दिली. रॉस्को ज्याच्या संस्थापकांपैकी होते, ते लिव्हरपूलचं सभासदांचं ग्रंथालय. ती पुस्तकं अजून तिथे आहेत.

इथे गोष्ट संपवली तर ती फार नीटनेटकी होईल. तशी ती संपली नाही. लिलावाच्या पैशांनी कर्ज फिटलं नाही. मुदतीची वर्षं सरली, जमिनींना भाव येईना, आणि थोड्याशा धनकोंनी हट्ट धरल्यामुळे १८२० साली दिवाळखोरीचा शिक्का रीतसर बसला. मधल्या काळात अटकेची भीती अशी, की साठी उलटलेले रॉस्को काही दिवस त्या चॅट मॉसच्या दलदलीतल्या शेतावर जाऊन राहिले. ज्या चिखलाने पैसे गिळले, त्याने निदान लपायला जागा दिली. अखेर मित्रांनीच पुन्हा वर्गणी काढली, अडीच हजार पौंडांची, आणि या वेळी त्यांना ती घ्यायला लावली. ॲलर्टन हॉल केव्हाच गेला होता. त्या वाड्यात पुढे, विसाव्या शतकात, पब निघाला. गुत्त्यात जन्मलेल्या माणसाचं घरही शेवटी गुत्ता व्हावं, आणि त्याची चित्रं जिथे लावलीत त्या गॅलरीला एका बीअरवाल्याचं नाव असावं (ॲंड्र्यू वॉकर हे मद्य गाळणारे बडे आसामी, १८७७ साली गॅलरी उघडली ती त्यांच्या देणगीतून), यात नियतीचा हात आहे असं मी म्हणणार नाही. लिव्हरपूलमध्ये पैसा कुठून येतो, याची ती साधी नोंद आहे.

आता या माणसाचा छंद सुटला असेल, असं कुणालाही वाटेल. होल्कमच्या कोक यांनी त्यांना आपली हस्तलिखितं लावायला बोलावलं होतंच. स्वतःचं ग्रंथालय गेल्यावर दुसऱ्याच्या ग्रंथालयाची सूची करणं हे काम त्यांनी आनंदाने केलं. सूची म्हटली की या माणसाला भूक लागत असावी. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर हातात घेतली. लिव्हरपूलच्या वनस्पती उद्यानाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, आणि तिथे कलकत्त्याच्या सरकारी बागेतून डॉ. वॉलिक यांनी पाठवलेले कंद येत असत. हळद, आलं, वेलदोडा, कर्दळ, सोनटक्का. आपल्या परसातली आणि फोडणीतली सगळी मंडळी. लिव्हरपूलच्या थंडीत काचघरात शेकोटी लावून ती जगवायची, फुलली की चित्रं काढून घ्यायची आणि त्यांची वर्गवारी नीट लावायची. या कुळावर रॉस्को यांनी १८२४ पासून चार-पाच वर्षांत भागाभागाने ग्रंथ काढला. एकशे बारा हातरंगी चित्रं, प्रती अवघ्या दीडशे. चित्रं जमवण्याची सोय राहिली नाही, तर त्यांनी चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली, आणि या वेळी विषयच असा निवडला की ज्याचा कंद लावला तर पुन्हा कोंब येतो. १८३१ च्या जूनमध्ये ते गेले.

त्यांच्या नावाची एक वनस्पतीही आहे. पेढी बुडण्याच्या कितीतरी आधी, सर जेम्स स्मिथ या वनस्पतीशास्त्रज्ञाने आल्याच्या कुळातल्या एका हिमालयी फुलझाडाला 'रॉस्कोया' असं नाव दिलं. नेपाळ-कुमाऊंच्या डोंगरांत पावसाळ्यात ते जांभळं फुलतं. आयुर्वेदाच्या अष्टवर्गातली काकोली ती हीच, असं बरेच वैद्य मानतात. म्हणजे च्यवनप्राशाच्या पाठात लिव्हरपूलच्या एका दिवाळखोराचं नाव दडलेलं आहे, फक्त बरणीवर ते छापत नाहीत. इंग्लंडमधल्या रोपवाटिका रॉस्कोयाचे कंद खडकांच्या बागेसाठी विकतात. त्यांच्या सूचीत नाव, रंग, किती ऊन लागतं ते सगळं दिलेलं असतं, आणि शेवटी किंमत. ती ठरलेली असते. बोली लावायला लागत नाही.